दोन ठोके म्हणजे बंद

शिवमनं कडुबाच्या कानाखाली जाळ काढला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि कडुबाच्या तोंडात अर्धा घोट चहा होता. तो चहा समोरच्या गाडीच्या पांढऱ्याशुभ्र पत्र्यावर उडाला. कडुबानं गालाला हात लावला नाही. खांद्यावरचं फडकं काढलं आणि आधी पत्रा पुसला.

रत्नमालेनं हे लांबून पाहिलं. चापट लागली कडुबाला, पण ते पत्रा पुसणं तिला लागलं.

"टाकी तुंबली कशी म्हणतो मी!" शिवम ओरडत होता. "आठ दिवस गाडी माझ्या घरचे घेऊन गेले, म्हणजे घरच्यांनी तुंबवली का? जायच्या आधी तूच धुतली नसशील नीट!"

"व्हय मालक," कडुबा म्हणाला. तो सगळ्यालाच व्हय म्हणायचा. पाऊस पडतोय का, व्हय. चूक तुझी का, व्हय.

पडेगाव मागं टाकून वेरूळच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला सांडू पाटलांची जमीन. आधी तिथं मोसंबी होती. आता तिथं तीन घरगाड्या उभ्या असतात. एकेका गाडीच्या पोटात पलंग, शेगडी, बेसिन, संडास. पुण्या-मुंबईची माणसं त्या भाड्यानं घेतात, त्यातच जेवतात, त्यातच झोपतात, लेणी बघून धन्य होतात. संडासात जातं ते कुठं जातं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. ते कुठंच जात नाही. गाडीच्या बुडाला लोखंडी पट्ट्यांनी लटकवलेली एक काळी टाकी असते, तिच्यात ते सगळं लेणी बघत त्यांच्याबरोबरच फिरतं. गाडी परत आली की ती टाकी रिकामी करायची, धुवायची, तिला आतून धुणारा फवारा साफ करायचा, हे काम रत्नमाला आणि कडुबा करायचे.

रत्नमालेला हे कुणी शिकवलं नव्हतं. मोबाईलवर गोऱ्या लोकांचे व्हिडिओ बघून ती शिकली. भाषा कळत नव्हती, म्हणून आवाज बंद करून नुसते हात बघायची. बोअरच्या पाण्यानं फवाऱ्याची भोकं पांढरा खार धरतात, तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचा. टाकीत बर्फाचे खडे टाकून गाडी गतिरोधकांवरून हाणायची, आतून घासल्यासारखी होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाकीतून बाहेर जाणाऱ्या नळीवरचा वॉल कायम बंद ठेवायचा. भरू द्यायचं सगळं, पातळ आणि घट्ट एकत्र, मग एकदम सोडायचं, म्हणजे एका लोंढ्यात जातं. वॉल उघडा राहिला की पातळ तेवढं निघून जातं, घट्ट मागं बसतं, थरावर थर. मग जे होतं त्याला दगडच म्हणायचं. तिन्ही गाड्यांच्या वॉलवर तिनं लाल रंगानं लिहून ठेवलं होतं, 'उघडू नये'.

कडुबा तिचा थोरला दीर. दोघांच्या घरात थोरल्या दिरानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची पद्धत नव्हती. नवरा होता तोवर तो मधे असायचा. नवरा गेला, पद्धत राहिली. एक जण गाडीखाली उताणा, एक जण वर नळाशी, आणि बोलायचं नाही. काम कसं व्हायचं? कडुबानंच वाट काढली. पान्यानं पाईपवर ठोकायचं. एक ठोका म्हणजे पाणी सोड. दोन ठोके म्हणजे बंद. तीन म्हणजे मी बाहेर येतोय. सहा वर्षांत त्या दोघांची जी काही बोलणी झाली ती एवढीच, आणि त्यात एकदाही भांडण झालं नव्हतं. गोजरबाई, कडुबाची बायको, म्हणायची, "माझ्याशीबी असंच ठोकून बोला म्हणावं, संसार सुखाचा व्हईल."

नवरा गेला तो वाळूजला. एका कंपनीच्या मैलाटाकीत तो, अभय, उतरला, कमरेला दोर. दोर वर कडुबाच्या हातात. दोन झटके दिले की ओढायचं, असं ठरलेलं. झटके आलेच नाहीत. कडुबा वाट बघत राहिला. शेवटी ओढला तेव्हा नुसता दोर वर आला. त्या दिवसापासून कडुबा व्हय म्हणायला लागला, आणि त्याच दिवशी रत्नमालेनं ठरवलं, या घरातला हात परत मैल्यात जाणार नाही. पाईप जाईल, पाणी जाईल, काठी जाईल. हात नाही. इथं कामाला लागताना तिनं सांडू पाटलांना हे तोंडावर सांगितलं होतं आणि पाटलांनी मान हलवली होती.

पण आज पाटील लग्नाला पैठणला गेले होते. बाकीच्या गड्यांना सुट्टी होती. इथं होता तो शिवम, पाटलांचा लेक, आणि लिंबाखालच्या बाजेवर बसलेली त्याची आजी, केसरबाई.

"बाराला पुण्याची पार्टी येतीय," शिवम म्हणाला. "बाराला गाडी पाहिजे. कडुबा, टाकी वाकव, नळीच्या तोंडातून हात घाल अन् काढ तो गोळा."

"व्हय मालक."

"नाय," रत्नमाला म्हणाली. ती मधे येऊन उभी राहिली. "हात नाय घालायचा. मोठ्या मालकांशी बोलणं झालंय तसं. गरम पाणी आन् साबण घालून भिजू द्या. उद्या सकाळी लोण्यावानी निघंल."

"उद्या काय! बारा म्हणलं ना?"

"दुसरी गाडी द्या त्यांला."

"दुसऱ्या दोन बाहेर गेल्यात. आता मला तू धंदा शिकवणार का?" शिवमनं जमिनीवरचा रबरी पाईपचा तुकडा उचलला आणि रत्नमालेकडं बघत कडुबाच्या पाठीत हाणला. फाट् आवाज झाला. मग दुसरा. कडुबा वाकला, पण जागचा हलला नाही, बैल उभा राहतो तसा. तिसऱ्या वेळी रत्नमालेनं पाईप धरला. शिवमनं तिला ढकललं. ती गाडीच्या लोखंडी पायरीवर तोंडावर पडली आणि खालचा ओठ फुटला.

"तुमचे हात मग कशाला असतात?" शिवम धापा टाकत म्हणाला. "पिढ्यान् पिढ्या काय केलं तुम्ही?"

रत्नमालेनं रक्त थुंकलं. "पिढ्यांनी केलं ते केलं. ह्या हातानं म्या तुझी गाडी चालती ठिवली. गोळाबी काढते. पर माझ्या पद्धतीनं."

"अरे काय सकाळच्या पारी कुत्र्यावानी!" बाजेवरून केसरबाई ओरडली. "आन् मी म्हणते, ती घाण गाडीत साठवायचीच कशाला? देवाला निघालो व्हतो आम्ही. वर कुलदैवताचा फोटू आन् खाली ते घेऊन फिरायचं? शोभतं का?"

रत्नमालेनं मान वळवली. "आजी, वाटंत कुणी वॉल उघडा ठिवला व्हता का?"

केसरबाईनं लुगड्याचा पदर सारखा केला आणि लिंबावरचे कावळे मोजायला लागली.

शेवटी रत्नमालेनं तोड काढली. कडुबानं नळीकडची एक पट्टी सोडायची, म्हणजे नळीचं वाकण मोकळं होईल. त्यातून वाकडी सळई घालता येईल. तोवर ती समोरच्या ढाब्यावरून उकळतं पाणी आणेल. सळईनं भोक पाडायचं, भोकातून गरम पाणी, की गोळा फुटतो. साडेअकरापर्यंत होईल, कदाचित.

कडुबा गाडीखाली सरकला. पट्टी सुटल्याचा आवाज आला. रत्नमाला शिवमसमोर गेली. त्याच्या कानाला फोन होता.

"शिवमभाऊ, ऐका. टाकी एका पट्टीवर लोंबकळतीय. तिच्यात पाण्याचा थेंब सोडू नका. भरली की दोन माणसांचं वजन व्हतं तिचं. पट्टी धरणार नाय. ऐकलं का?"

"हां हां, जा ना बाबा," शिवमनं हात हलवला.

ती दोन डबे घेऊन रस्ता ओलांडून गेली. ढाब्यावाल्यानं तिच्या ओठाकडं पाहिलं आणि मोठी चूल पेटवली. पाणी उकळायला वीस मिनिटं लागली. दोन्ही हातांत डबे घेऊन ती रस्त्याच्या कडेला ट्रक जायची वाट बघत उभी होती, तेव्हा तिनं ऐकलं.

टण् टण्.

तिला वाटलं भास झाला. ट्रक गेला.

टण् टण्. टण् टण्. आणि त्यामागं मोटरीची घरघर.

दोन ठोके म्हणजे बंद. पण बंद करायला सुरूच काय होतं? पुढचं तिनं विचारानं केलं नाही. डबे सुटले, एकातलं पाणी तिच्या पायावर पडलं, कातडी सोलल्यासारखी आग झाली आणि ती धावली. एक जीप तिला चुकवत करकचून थांबली, आतून कुणी शिवी दिली. ती धावत होती. टण् टण्. मग नुसतं टण्. मग काही नाही. मग लोखंड तुटल्याचा आवाज आला आणि त्याच्या पाठोपाठ माणसाचा, जो ती जन्मात विसरणार नव्हती, कारण तो ओरडण्याचा नव्हता. छातीतली हवा सगळी एका दमात बाहेर पडल्याचा होता.

शिवम टाकीतल्या फवाऱ्याच्या नळीला गाडी धुवायची मोटर लावून उभा होता. फोन अजून कानाला होता. "अर्ध्या तासात रेडी सर," तो म्हणत होता. "पाण्याचं प्रेशर मारलंय ना, काढून टाकतो बघा..."

रत्नमालेनं मोटरीची वायर हिसकून काढली आणि गुडघ्यावर बसून खाली पाहिलं. टाकीचं एक टोक खाली आलं होतं आणि कडुबाच्या छातीवर बसलं होतं. त्याचं तोंड उघडं होतं, पण आत काही जात नव्हतं. डोळे तिच्याकडं लागले होते. उजव्या हाताच्या बोटांत पाना अजून धरलेला होता.

"भाऊजी, हलू नका!" ती म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी थेट बोलली, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही.

तिनं बाटलीजॅक आणला, फळी लावली, दांडा मारला. टाकी बोटभर उचलली. कडुबाच्या घशातून एक शिट्टी निघाली. हवा गेली आत, थोडी. पण पाण्यानं भरलेलं टाकीचं पोट गोल झालं होतं, फळीवरून ते कडुबाच्या तोंडाकडं सरकायला लागलं. जॅक जुना, दाब धरत नव्हता; दांडा सोडला की खाली, वाढवला की घसरणार. टाकी फोडावी तर सगळा मैला सरळ त्याच्या नाकातोंडात. टाकी रिकामी व्हायला हवी होती, आणि व्हायची तर नळीच्या तोंडानं, रस्त्याच्या बाजूला. वॉल उघडा होता. आत गोळा अडकलेला होता. एका हातानं दांडा पेलत तिनं दुसऱ्या हातानं सळई लांबवली, ढोसली. गोळा आणखी घट्ट बसला.

"शिवमभाऊ! इकडं या! नळीत हात घाला, गोळा ओढा!"

"मी?" शिवम मागं सरकला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "मी... अॅम्ब्युलन्स बोलावतो."

"तवर मरंल तो! म्या जॅक सोडू शकत नाय. हात घाला!"

"मी नाही तसलं... मी कुणाला तरी घेऊन येतो." आणि तो आपल्या जीपकडं वळला. किल्ली त्याच्या हातात होती.

रत्नमालेनं दांड्याखाली वीट सरकवली. वीट किती धरेल ते तिला माहीत होतं. शंभर मोजेपर्यंत, फार तर. ती उठली. पायाला फोड आले होते, ते तिला नंतर कळलं. गाडीला टेकवलेला पाईपपाना तिनं उचलला, दोन फूट लांबीचा, ज्यानं ती दररोज झाकणं खोलायची. शिवमनं जीपचं दार उघडलं आणि तिनं पाना त्याच्या खांद्यावर घातला. गळ्यापाशी, जिथं हाडाची पट्टी वर दिसते तिथं. वाळलेलं जोंधळ्याचं ताट मोडावं तसा आवाज आला. शिवम जीपच्या दारावर आदळला आणि खाली बसला. तिनं त्याची कॉलर धरली आणि ओढत आणलं. तो ओरडत होता, आईला बोलावत होता. नळीच्या तोंडाशी तिनं त्याला आपटलं. नाक फुटलं.

"एक हात मोडला. दुसरा हाय अजून. घाल."

"नको ना... रत्नाबाई, पाया पडतो..."

"नंतर पड. आत्ता घाल!" तिनं पाना परत उचलला. तिच्या ओठातलं रक्त त्याच्या पाठीवर ठिबकत होतं. "नायतर डोक्यात घालीन, शपथेवर सांगते. घाल!"

तिनं एका हातानं दांडा धरला तेव्हा विटेचा भुगा व्हायला लागला होता. दुसऱ्या हातात पाना होता. शिवमनं डोळे मिटले आणि हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. त्याला ओकारी आली, तो ओकला, आणि तिनं गुडघ्यानं त्याच्या पाठीत मारलं.

"लागलं का काही?"

"दगडाय... दगड लागतोय..."

"बोटं मागनं घाल. मागनं! ओढ!"

कडुबाच्या हातातला पाना खाली पडला. रत्नमालेनं तो आवाज ऐकला आणि तिच्या तोंडून एक अशी शिवी निघाली की बाजेवरून उठून आलेली केसरबाई जागच्या जागी थांबली. शिवम रडत ओढत होता. आणि मग गोळा सुटला. आधी राखाडी तुकडा आला, विटेच्या अर्ध्याएवढा, मग दुसरा, आणि त्यांच्या मागं सगळा लोंढा. तो शिवमच्या छातीवर, तोंडावर, केसांवर आदळला आणि त्याला मागं ढकलून गेला. टाकी हलकी झाली. रत्नमालेनं दांडा मारला, मारला, मारला. मग पाना टाकला, कडुबाचे दोन्ही घोटे धरले आणि त्याला बाहेर ओढलं.

तो श्वास घेत होता. वाईट आवाज करत, करवत चालल्यासारखा, पण घेत होता.

शिवम तसाच बसला होता. त्याच्या मांडीवर राखाडी तुकडा पडला होता. त्यानं तो बोटांनी चोळला. करडी, मऊ भुकटी सुटली. तशी भुकटी त्यानं लहानपणापासून पाहिली होती. गोवऱ्यांची राख, जिनं त्याची आजी दात घासते, भांडी घासते आणि जिचा डबा ती देवाला जातानाही बरोबर घेते.

"आजी," तो म्हणाला.

केसरबाई दोन पावलं पुढं आली. "राख म्याच टाकत व्हते रं. गावाकडं संडासात टाकत नव्हतो का? वास मरतो." तिनं वॉलवरच्या लाल अक्षरांकडं बोट केलं. "आन् वॉलबी म्याच उघडा ठिवला. कार्टी लाल रंगानं लिहिते, पर मला कुठं वाचता येतंय? ती घाण घेऊन देवळाम्होरं उभं राहवंना."

पातळ वाटेवर सांडत गेलं, राख आणि घट्ट मागं बसलं, सिमेंट झालं. रत्नमालेला राग यायला हवा होता. म्हातारीच्या पायात एकच चप्पल होती, दुसरी बाजेपाशी राहिली होती. राग आला नाही.

जीप रत्नमालेनंच चालवली. मागच्या सीटवर कडुबा आडवा, त्याचं डोकं केसरबाईच्या मांडीवर. त्या मांडीवर आजवर घरातली लेकरं सोडून कुणाचं डोकं गेलं नव्हतं. पुढं शिवम, मोडला हात पोटाशी धरून, डोक्यापासून पायापर्यंत माखलेला. सगळ्या काचा खाली. छावणीच्या चौकात सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं नाक दाबलं आणि "क्या भरके ले जा रे बाई?" म्हणून विचारलं.

"मालक," रत्नमाला म्हणाली.

सिग्नल सुटल्यावर शिवम हळू आवाजात बोलला. "रत्नाबाई. कुणाला सांगू नका."

"काय?"

"हात घातला ते."

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "आन् माणूस मारीत व्हतास ते?"

तेवढं सांगितलेलं शिवमला चाललं असतं.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात कडुबाच्या चार बरगड्या मोडल्याचं निघालं. फुप्फुसाला काही झालं नव्हतं. शिवमच्या गळ्याचं हाड मोडलं होतं. तो म्हणाला, घसरून पडलो. तिथल्या चौकीतला हवालदार तेच लिहून घेत होता, तेव्हा पायाला पट्टी बांधलेली रत्नमाला लंगडत त्याच्यासमोर गेली.

"घसरला नाय. म्या मारलं. पान्यानं."

हवालदारानं पेन थांबवलं. "बाई, तो म्हणत नाही अन् तुम्ही कशाला ओढवून घेता?"

"लिहा. आन् का मारलं तेबी लिहा. पट्टी सोडलेली हाय म्हणून सांगितलं व्हतं, पाणी कुणी सोडलं, हात कुणी घातला, सगळं लिहा. येक बी गाळू नका."

शिवमनं भिंतीकडं तोंड केलं. हवालदारानं नवा कागद घेतला.

संध्याकाळी सांडू पाटील येऊन गेले. काम उद्यापासून नाही, असं त्यांनी जाताना म्हटलं, आणि मान खाली घालूनच म्हटलं. रत्नमालेनं व्हय म्हटलं. पुढं काय, ते पुढं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, साबणाचा वास येत होता त्यांना.

गोजरबाई पलंगाच्या पायथ्याशी बसून पेंगत होती. कडुबा डोळे मिटून पडला होता. पोटात काही नव्हतं सकाळपासून. नर्स म्हणाली होती, मागितलं तर दोन-चार चमचे पाणी द्या, जास्त नको. पण मागणार कसा, बोललं की बरगड्या कळवळत होत्या. आणि समोर रत्नमाला बसलेली, धाकट्या भावाची बायको.

त्याचं बोट हललं. पलंगाच्या लोखंडी दांडीवर नख आपटलं. टण्.

रत्नमाला उठली. बाटलीचं झाकण काढलं, चमचा भरला, त्याच्या ओठांशी नेला. एक. दोन. तीन. थोडं गालावरून ओघळलं, ते तिनं पदरानं टिपलं. चौथा चमचा भरला.

टण् टण्.

तिनं चमचा मागं घेतला आणि बाटली बंद केली.